ताईंचा आवाज ठेवायला केलेली जागा

अंधांच्या ग्रंथालयात त्यांना सगळे काचेमागचे काका म्हणत. ज्यांना काच कधी दिसली नाही त्यांनीच हे नाव ठेवलं, आणि काकांनाही ते आवडायचं. नवे सभासद आले की व्यवस्थापक मॅडम त्यांना रेकॉर्डिंगच्या खोलीपर्यंत आणून सांगायच्या, "इथे वाचणारे बसतात, आणि त्या काचेमागे काका बसतात." मग सभासद हात पुढे करून काच चाचपायचे आणि काका पलीकडून टकटक करायचे. एवढीच त्यांची ओळख. पुष्कळांना ते उंच की ठेंगणे, हेही माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाला गरजही पडली नाही.

खोली तळमजल्यावर होती. भिंतींवर करड्या स्पंजाचे चौकोन डकवलेले, मधे एक टेबल, त्यावर माइक, आणि पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून टेबलावर जाड लोकरी बनात पसरलेली. काचेच्या अलीकडे काका, त्यांचे हेडफोन आणि एक बटण. बटण दाबलं की काकांचा आवाज वाचणाऱ्याच्या कानात जायचा. "परत एकदा. खुर्ची करकरली." "परत एकदा. घोट गिळल्याचा आवाज आला." उभ्या आयुष्यात काका लोकांशी जेवढं बोलले, त्यातलं निम्मं तरी 'परत एकदा' असेल.

ते मूळचे लाउडस्पीकर दुरुस्त करणारे. ग्रंथालयाचं टेपचं मशीन बिघडलं म्हणून आले. मशीन सुधारलं, काका मात्र तिथेच राहिले. पगार यथातथाच, पण काम थंड डोक्याचं, आणि दिवसभर कुणीतरी चांगलं काहीतरी वाचून दाखवतंय. "मला फुकटात शहाणं केलं या नोकरीनं," असं ते म्हणायचे, "फक्त शहाणपणाचा उपयोग कुठे करायचा ते काही कुणी वाचलं नाही."

ताई त्यांच्या आयुष्यात आल्या त्या याच काचेतून. त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का' विचारायचं आणि दुकान सुटलं की इथे येऊन, ज्यांना कुठलंच अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी वाचायचं, तेही बिनपैशाचं. पहिल्याच दिवशी काकांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "जरा हळू वाचा."

ताईंनी पुस्तकातून मान वर केली. "गोष्टीतला माणूस पळतोय. हळू वाचलं तर पकडला जाईल."

काकांनी पुढचं सगळं प्रकरण बटणाला हात लावला नाही. तो माणूस निसटला, काका मात्र सापडले. वर्षभरात लग्न झालं. लग्नानंतरही ताई दुकान सुटलं की यायच्या, तासभर वाचायच्या, आणि मग दोघं मिळून घरी जायचे. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख असेल तर त्यांनी ते दोघांतच ठेवलं. काकांच्या बहिणीचा मुलगा सुट्टीत त्यांच्याकडे राहायला असायचा, त्याचे लाड केले, तेवढंच.

वर्षं गेली आणि ताईंचा आवाज घरोघरी पोचला. एकदा ताई किराणा दुकानाच्या रांगेत उभ्या राहून साबणाचा भाव विचारत होत्या, तर मागून एक पुरुषी आवाज आला, "तुम्हीच ना, जहाजाच्या पुस्तकातल्या?" तो एका मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन ऑपरेटर होता. जन्मापासून आंधळा, आणि आवाज ओळखणं हाच त्याचा धंदा. पुढे तो निवृत्त झाला आणि दर आठवड्याला ग्रंथालयात येऊ लागला. त्याला सगळे ऑपरेटरच म्हणत राहिले. पुस्तक कुठलं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. "ताईंचं काय आलंय नवीन?" एवढंच विचारायचा.

टेपचे दिवस संपले तेव्हा काकांचे केस पिकायला लागले होते. भाच्यानं एक कॉम्प्युटर आणून दिला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. "फुकट आहे मामा, आणि कटकट करत नाही." काका शिकले, पण जसं गाणं न समजता चाल पाठ होते तसं. ही ओळ लिहिली की रेकॉर्डिंग आत जातं, ती ओळ लिहिली की सभासदाच्या पेनड्राइव्हवर उतरतं. ओळ का चालते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि चालते तोवर विचारायचं कशाला, असा त्यांचा खाक्या. सगळ्या टेपा एकेक करून आत भरल्या. मग टेपांची खोली दुसऱ्या कामाला हवी होती. काकांनी स्वतः हातगाडी ढकलत टेपा भंगारात नेऊन दिल्या. दुःख झालं नाही. सगळं आत आहे, या विचारानं उलट हलकं वाटलं.

ताईंना कंपवात झाला तो आधी हातात उतरला. पान धरलं की कागद थरथरायचा आणि ती थरथर माइकमध्ये यायची. मग काका काच सोडून आत जाऊन बसायला लागले आणि पानं उलटून देऊ लागले. मशीन आपलं एकटंच चालू. ते ठीक होतं. पण पुढे दुखणं आवाजात उतरलं. ताईंचा तो भरीव, ठाम आवाज विरळ व्हायला लागला, जुन्या सुती कापडासारखा. त्यांना स्वतःला वाटायचं आपण नेहमीसारखंच बोलतोय. समोरच्याला कानाशी हात न्यावा लागायचा. डॉक्टर म्हणाले की हातापायाला औषध लागू पडेल, आवाजाचं काही सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय, ते काकांना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. एका पुस्तकाच्या मधेच ताईंचं वाचन थांबलं आणि ते पुस्तक अर्धंच राहिलं.

तेव्हापासून काकांनी एकच ध्यास घेतला. जे वाचून झालंय ते नीट राहिलं पाहिजे. सगळी रेकॉर्डिंग एका डिस्कवर होती. ती भाच्यानंच भेट दिलेली, नव्या तऱ्हेची, आत काही फिरत नाही अशी. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत जुन्या फिरत्या डिस्कवर होती, पण ती एक दिवस किरकिर करायला लागली आणि किरकिरतच गेली. म्हणजे आता एकच प्रत. काका मॅडमच्या मागे लागले.

"मॅडम, एकुलती एक प्रत आहे. आपल्याकडे म्हण नाही का, एका डोळ्याचा काय भरवसा!"

"काका, अंधांच्या ग्रंथालयात ही म्हण?"

"तेच तर म्हणतोय. आपल्याइतकं कुणाला कळणार?"

मॅडम हसल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्याही वर समिती होती, आणि समितीत कुणीतरी म्हणालं होतं की हल्ली फोनच पुस्तकं वाचून दाखवतो, मग या सगळ्यावर कशाला खर्च करायचा? तरी त्यांनी खटपट केली आणि शेवटी नवी डिस्क आली.

काकांनी ती दुपारी जेवण झाल्यावर बसवली. ऑपरेटर बाहेरच्या बाकावर बसला होता, काकांनी नुकताच पुसून दिलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवून, जहाजाचं पुस्तक परत एकदा ऐकायला घेऊन जायला. काकांनी त्याला सांगितलं, "बसा थोडे. आधी ताईंना दुसरं घर बांधतो, मग तुमचं काम." यंत्राचं झाकण उघडलं, वायरी जोडल्या, झाकण लावलं. मग पूर्वी भाच्यानं शिकवलं होतं त्या चालीवर डिस्कवर पार्टिशन बनवलं. यंत्र म्हणालं, झालं. काका ते उघडायला गेल्यावर यंत्र म्हणालं, उघडत नाही: प्रकार चुकीचा आहे, नाहीतर सुपरब्लॉक म्हणून जे काही असतं ते खराब आहे.

'खराब' हा शब्द काकांनी दोनदा वाचला. कोरी करकरीत डिस्क, आणि खराब? मॅडमना काय तोंड दाखवायचं? त्यांनी पार्टिशन पुसलं, पुन्हा बनवलं. तेच. वायर काढून घातली. तेच. मग भाच्याला फोन लावला. भाचा आता दुसऱ्या शहरात मोठ्या कंपनीत होता, पण मामाचा फोन आला की घ्यायचाच.

"मामा, पार्टिशन म्हणजे नुसतं कुंपण," तो म्हणाला. "तुम्ही जागेला कुंपण घातलंत. आत घर कुठे बांधलंय? फॉरमॅट केलंत का?"

"ते करायचं असतं?"

"करावंच लागतं."

"मग ते मेलं खराब खराब का म्हणतंय?"

"त्याला दुसरं बोलता येत नाही हो. घर दिसलं नाही की घर पडलं असं म्हणतं."

काकांच्या जिवात जीव आला. भाच्यानं ओळ सांगितली, काकांनी एकेक अक्षर उच्चारत ती लिहिली. शेवटी कुठली डिस्क ते लिहायचं होतं. यंत्र डिस्कना अक्षरानं ओळखतं. ताईंची रेकॉर्डिंग होती ती 'ए', नवी आली ती 'बी'. काकांनी दोनदा खात्री करून 'बी' लिहिलं. यंत्र म्हणालं, ही वापरात आहे, आत्ता करता येणार नाही.

"वापरतंय कोण? इथे मी एकटा आहे."

"मगाशी दोनदा उघडायला गेलात, त्यातलं काहीतरी अडकून बसलं असेल. रीस्टार्ट करा मामा, आणि तीच ओळ परत द्या. मला मीटिंगला जायचंय, काही लागलं तर करा फोन."

यात काही चूक नव्हती. घरचा माणूस घाईत जसं आणि जेवढं सांगतो तेवढंच त्यानं सांगितलं. काकांनी यंत्र बंद केलं, चालू केलं. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली की मागची ओळ आपोआप परत येते, हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना कौतुकही होतं. बाण दाबला, ओळ आली, एंटर मारलं.

यंत्रानं विचारलं, इथे आधीच फाइल सिस्टीम, म्हणजे भाच्याच्या भाषेत घर, आहे, तरी पुढे जायचं का?

काकांना वाटलं, मघाचंच अर्धवट काहीतरी असेल. त्या प्रश्नाच्या आधी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. त्या डिस्कचं नाव काय आणि ती शेवटची कधी उघडली होती, ते त्यात लिहिलं होतं. ती ओळ काकांनी वाचली नाही. त्यांनी होकाराची कळ दाबली. चुटकीसरशी काम झालं. मग उघडून बघितलं तर ही डिस्क आता बिनतक्रार उघडत होती, आत लख्ख मोकळी.

"झालं हो!" काकांनी बाहेर ऑपरेटरला आरोळी दिली. "आता तुमचा पेनड्राइव्ह आणा."

आणि जहाजाचं पुस्तक काढायला रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं तर तेही मोकळं.

आधी काकांना काही वाटलं नाही. रीस्टार्टनंतर कधीकधी डिस्क जोडली जात नाही, मग जोडायची. त्यांनी कुठली डिस्क किती मोठी ते बघायची ओळ लिहिली. नवी डिस्क मोठी होती, जुनी लहान. पडद्यावर मोठीच्या पुढे 'ए' होतं, आणि लहानीच्या पुढे 'बी'.

शाळेत हजेरीला नंबर असतात तशी ही अक्षरं कायमची असतात, असं काका आजवर धरून चालले होते. तसं नसतं. यंत्र चालू होताना जी डिस्क आधी 'हजर' म्हणते तिला पहिलं अक्षर मिळतं. जुनी फिरती गेल्यापासून एकच होती म्हणून तिचंच पहिलं. त्या दुपारी नवी आधी बोलली, आणि काकांच्या ओळीतलं 'बी' म्हणजे ताईंची डिस्क झाली.

काकांनी ती ओळ पुन्हा लिहून बघितली. अक्षरं तशीच. ऑपरेटर काठी टेकत दारापर्यंत आला.

"काका?"

"अं?"

"काय झालं? तुमचा श्वास बदललाय."

काकांनी भाच्याला फोन लावला. त्यानं मीटिंगमधून उठून घेतला असावा, मागे माणसांचा आवाज येत होता. काकांनी सांगितलं. पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मामा, यंत्र बंद करा. त्याला हात लावू नका. काहीही लिहू नका त्याच्यावर." आणि मग हळू आवाजात, "मी तुम्हाला रीस्टार्टनंतर अक्षर परत तपासायला सांगायला हवं होतं."

"कळ मी दाबली रे," काका म्हणाले.

गावात डिस्कमधून गेलेलं परत काढून देणारा एक माणूस होता. लोक त्याला डिस्कचा डॉक्टर म्हणायचे. त्याच्या खिडकीत कुंड्या होत्या आणि टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. काका ताईंची डिस्क रुमालात गुंडाळून छातीशी धरून घेऊन गेले. त्यानं ती जोडली, थोडा वेळ बघितली, आणि काकांना बसायला खुर्ची दिली. खुर्ची देणारे डॉक्टर काकांनी गेल्या काही वर्षांत बरेच बघितले होते.

"जुन्या, फिरणाऱ्या डिस्कवर हे झालं असतं ना," तो म्हणाला, "तर मी तुम्हाला पुष्कळ काही काढून दिलं असतं. तिथे फॉरमॅट केलं तरी माल जागेवरच पडून असतो. ही बिनफिरकीची. हिला फॉरमॅट म्हटलं की ही आधी सगळी जागा झाडूनपुसून घेते."

"म्हणजे?"

"शून्यं आहेत, काका. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"दुसरा कुणी असेल का मोठा? तुमच्याहून?"

डॉक्टरला राग आला नाही. "चार जण आहेत. चौघांचे पत्ते देतो. ते तुमच्याकडून तपासणीचे पैसे घेतील आणि हेच सांगतील." त्यानं स्वतः काही घेतलं नाही. काका तरी त्यातल्या दोघांकडे जाऊन आले.

मग मॅडमना एक कल्पना सुचली. सभासदांकडे पेनड्राइव्हवर पुस्तकं असतील, ती गोळा करू. त्या स्वतः फोनला बसल्या. काकांनी मान हलवली, पण त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. नवं पुस्तक घ्यायला सभासद आला की जुनं पुसून नवं भरायचं, असा ग्रंथालयाचा नियम होता, आणि पुसायचं काम काकांचंच. इतकी वर्षं त्यांनी ते नेटानं केलं होतं, आणि ताईंचं वाचन थांबल्यापासून बहुतेकांकडे दुसऱ्यांनी वाचलेलीच पुस्तकं होती. फोनवर सभासद हळहळले. कुणी म्हणालं, आमच्या आईला त्यांच्या आवाजाशिवाय झोप येत नसे. कुणी म्हणालं, माझं आता फोनच वाचतो, मी केव्हाच सोडलं. बऱ्याच जणांनी ऐकून घेऊन विचारलं, मग आता ताईंच्या जागी कोण वाचतं?

सगळ्या शोधाशोधीत ताईंचं एकच पुस्तक अख्खं सापडलं. वेताच्या खुर्च्या विणायचं. अंध मुलांच्या कार्यशाळेतल्या शिक्षकानं ते दरवर्षी लागतं म्हणून जपून ठेवलं होतं. जहाजं बुडाली, राजे गेले, प्रेमात पडलेली माणसं गेली, मधमाश्या गेल्या, तारे गेले, आणि खुर्ची तेवढी उरली.

हे सगळं होईपर्यंत काकांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. उद्या सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं. ताई खिडकीशी बसलेल्या असायच्या. काका त्यांना औषध द्यायचे, ब्लाउजची बटणं लावायला मदत करायचे, ग्रंथालयातल्या गमती सांगायचे. त्या गमती आता ते बनवून सांगत होते, आणि बनवलेल्या गमती खऱ्यांपेक्षा जास्त हसवतात, हे बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी ते ताईंना कळलं ते भलत्याच वाटेनं. ऑपरेटरनं घरी फोन केला. काका भाजी आणायला गेले होते. ताईंनी थरथरत्या हातानं फोन उचलला.

"ताई, मी ऑपरेटर. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, तुम्हाला सांगावं. तुमची सगळी पुस्तकं पुसली गेली, पण माझ्या डोक्यात आहेत."

ताईंनी काहीतरी उत्तर दिलं. ज्या माणसानं आयुष्यभर आवाजावर पोट भरलं, त्याला ते ऐकू गेलं नाही.

"हॅलो? ताई? हॅलो? कोण आहे?"

ताईंनी पुन्हा सांगितलं. शक्य तेवढं जोरात.

"लाइन खराब दिसते," ऑपरेटर स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

काका परत आले तेव्हा ताई फोनशेजारीच बसल्या होत्या. काकांनी पिशवी ठेवली. ताईंनी त्यांना जवळ बोलावलं. हल्ली त्यांचं सगळं बोलणं जवळ बोलावूनच असायचं.

"ऑपरेटरचा फोन होता."

काका खाली बसले. जमिनीवरच, खुर्ची बाजूला असताना.

"किती गेली?" ताईंनी विचारलं.

"सगळी गं."

"कशानं?"

"माझ्यानं. तुझी दुसरी प्रत करायला म्हणून जागा करत होतो. चुकीच्या ठिकाणी केली."

ताईंचा हात मांडीवर आपला आपला हलत होता. हल्ली त्यांचा चेहराही फारसा हलत नसे, दुखण्यानं तोही ताठ केला होता, त्यामुळे राग आहे की रडू, हे काकांना कळेना. काकांनी सगळं सांगून टाकलं, अक्षरांचं, बाणाच्या कळीचं, डॉक्टरच्या शून्यांचं. खुर्च्यांचं पुस्तक तेवढं उरलंय हेही सांगितलं.

"खुर्च्यांचं?"

"हो."

"त्यात मला सर्दी होती."

काका हसायला गेले आणि त्यांना हुंदका फुटला. ताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, म्हणून कुणी समजूत घालतंय की नुसताच हात आहे, ते कळायला मार्ग नव्हता.

"इतके दिवस मला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "मी रोज इथे बसून काय करते ठाऊक आहे? मनातल्या मनात म्हणते, जाऊ दे, आता बोलता येत नाही तर नाही, तिकडे आहे ना सगळं. ते नसताना मी तसं म्हणत बसले. तुम्ही म्हणू दिलंत."

पुसलेलं क्षम्य असेल, हे लपवणं नव्हतं. ताईंनी नंतर कधी तो विषय काढला नाही, ओरडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून काकांच्या बनवलेल्या गमतींना हसल्या नाहीत. खऱ्यांनाही नाही.

काही आठवड्यांनी ताईच म्हणाल्या, मला एकदा खोलीत घेऊन चला. काकांनी मॅडमची परवानगी काढली. ताईंना टेबलाशी बसवलं, माइक अगदी ओठांपाशी आणला, जहाजाचं पुस्तक समोर धरलं. मशीन चालू केलं. ताई वाचायला लागल्या. काकांना शेजारी बसून ओठ हलताना दिसत होते, पण हेडफोनमध्ये पंख्याचा घरघराट, वरच्या मजल्यावरची पावलं, बनातीवर घासणारं मनगट, आणि या सगळ्याखाली कुठेतरी, पाण्याखालून कुणी बोलावं तसं काहीतरी. काकांनी आवाज वाढवला. पंखा वाढला. पंखा बंद केला. मग नुसताच श्वास मोठा झाला. एक पान कसंबसं झालं. ताईंनी पुस्तक मिटलं.

"कसं झालं?"

"चांगलं झालं," काका म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या पळणाऱ्या माणसाच्या प्रकरणानंतर काकांनी 'परत एकदा' म्हटलं नाही असं हे दुसरंच वाचन होतं.

त्या वर्षअखेरीस समितीनं रेकॉर्डिंग बंद केलं. कुणाचा विरोध नव्हता. स्पंजाचे चौकोन ओढून काढले तेव्हा भिंतीचा रंगही सोबत आला. काच तशीच राहिली, कारण ती काढायचा खर्च जास्त होता. त्या खोलीत आता सभासदांना फोन कसा वापरायचा ते शिकवतात. काकांना पुढच्या टेबलावर बसवलं. येणाऱ्याचं नाव विचारायचं आणि आत पाठवायचं. नवी डिस्क कपाटात आहे, अजून कोरीच. भाच्यानं एकदा येऊन ती नीट जोडून देतो म्हटलं, काका म्हणाले राहू दे, भरायला काय आहे?

ऑपरेटर काही दिवस येत राहिला. डोक्यात आहेत म्हणाला होता, आणि बाकावर बसून तो कधी कधी जहाजाच्या पुस्तकातला उतारा ताईंच्या ढंगात म्हणून दाखवायचा, जिथे त्या थांबायच्या तिथे थांबून. काकांना ते ऐकवत नसे. ते काहीतरी काम काढून आत जायचे. पुढे ऑपरेटरनं येणं कमी केलं, मग बंदच केलं. आजारी असेल किंवा कंटाळला असेल. काकांनी फोन करायचं मनात आणलं, केला नाही.

घरी ताईंचं बोलणं दिवसेंदिवस आत आत जात चाललं. काका स्वयंपाकघरात असले की त्यांना बाहेरून काहीतरी पुटपुटल्यासारखं वाटायचं. मग गॅस बारीक करून, हात पुसत, ते खिडकीशी जायचे आणि वाकायचे.

"काय म्हणालीस?"

ताई सांगायच्या. काका कान जवळ न्यायचे. ताई पुन्हा सांगायच्या. तिसऱ्यांदा विचारायचं काकांच्या जिवावर यायचं. त्या थकायच्या, ते दिसायचं.

"हो," काका म्हणायचे. "हो, करतो."

एकदा ताईंनी त्यांची बाही धरून ठेवली. या वेळी शब्द ऐकू आले, कारण त्यांनी ते एकेक करून, दम घेत घेत म्हटले.

"हो काय? मी काय विचारलं?"

काका वाकलेलेच राहिले. आत गॅसवर दूध वर येत होतं.